करंगळीएवढी फट

वानखडेसाहेबांच्या अंगाला कायम वितळलेल्या पिशवीचा वास यायचा. धुतलेला शर्ट घातला तरी यायचा. एसटीत त्यांच्या शेजारची जागा बहुतेक रिकामी राहायची, आणि ते खुशाल त्या जागेवर आपली पिशवी ठेवून द्यायचे. "फायदाच आहे मिस्त्री," मला म्हणायचे, "खिडकी पण आपली, शेजार पण आपला."

मी त्यांच्याबद्दल लिहायला बसलोय खरा, पण मला लिहायची सवय नाही. तिसरीत होतो तेव्हा वडलांनी शाळेतून काढलं आणि हातात रंधा दिला, तो पन्नास वर्षं सुटला नाही. आमचं सुताराचं घर कासार आंबोलीचं. आसपासच्या गावांतल्या जुन्या घरांच्या चौकटी बघा, निम्म्या आमच्या हातच्या निघतील. ही बढाई नाही, कुणालाही जाऊन बघता येतं. तर अक्षर वाकडं आलं तर येऊ द्या. साहेबांची गोष्ट आमच्याकडं चुकीची सांगतात. खरी कशी ते मला माहीत आहे, आणि आता माझं वय झालं.

साहेब मूळचे अकोल्याकडचे. पिरंगुटला प्लास्टिकच्या बादल्या करणाऱ्या एका कारखान्यात मोठ्या पगारावर होते. दोन हजार सालाच्या पुढंमागं त्यांनी ती नोकरी सोडली आणि जवळच्या भरे गावात एक पत्र्याची शेड भाड्यानं घेतली. बायको अकोल्याला शाळेत बाई होत्या, त्या तिकडंच राहायच्या. उन्हाळ्याच्या सुट्टीत आल्या की शेडच्या दारात नाकाला पदर लावून उभ्या राहायच्या आणि साहेब त्यांना एकेक फळी उचलून दाखवायचे, जशी काही साडीच्या दुकानात साडी दाखवतायत.

फळी म्हणजे लाकडाची नाही, प्लास्टिकची. दुधाच्या पिशव्या, फुटक्या बादल्या, तेलाचे डबे, सगळा उकिरड्याचा माल. तो वितळवून त्याच्या फळ्या करायच्या आणि लाकडाच्या जागी वापरायच्या, हे त्यांच्या डोक्यात बसलं होतं. आमच्या मुळशीत पाऊस असा, की उघड्यावरचं लाकूड तीन वर्षांत भुसभुशीत होतं. साहेब म्हणायचे, "ही फळी सडत नाही, वाळवी खात नाही, आणि हिच्यासाठी झाड पाडावं लागत नाही. अजून काय पाहिजे राजेहो?"

पहिल्यांदा आले ते फळी गोणपाटात गुंडाळून, बगलेत मारून. मी तेव्हा एका देवघराचं काम करत होतो.

"जरा रंधा मारून बघता का मिस्त्री?"

मी फळीवर टिचकी मारली. आवाज मेलेला. म्हणलं, "हे लाकूड न्हाई."

"नाहीच आहे."

"मग माझ्याकडं कशाला आणलं? लाकडाचं काम करतो मी. डबाबाटलीवाला पौडाच्या बाजारात बसतो."

दुसरा कुणी असता तर फळी उचलून गेला असता. साहेब खाली भुश्शातच मांडी घालून बसले. म्हणाले, "बसतो मी. तुमचं देवघर होऊ द्या." आणि खरंच बसले. दुपारी मी जेवून आलो तरी बसलेलेच. मला कसंतरी वाटलं म्हणून रंधा मारला. काळी लांबलचक साल निघाली, एकसारखी, कुठं गाठ नाही, कुठं रेषा उलटी फिरलेली नाही. मी पन्नासभर जातीचं लाकूड हाताखालून घातलंय, पण असं मुकाट सोलून घेणारं काही बघितलं नव्हतं. तसं मी त्यांना सांगितलं नाही. "चालंल," एवढंच म्हणलं. त्यांनी ती साल गोळा करून खिशात घातली.

"ते कशाला?" मी विचारलं.

"परत टाकतो ना साच्यात. तुमच्या लाकडाचा भुसा भुसाच राहते. हिचं काही वाया जात नाही."

त्यानंतर मी त्यांच्या शेडवर जायला लागलो. काम असायचं थोडं, बघायला जायचो जास्त. पुतळाबाई म्हणून भऱ्याचीच एक बाई तिथं मुकादम होती. तिच्या हाताखाली चार बाया. त्या माल निवडायच्या, धुवायच्या, वाळवायच्या. मग यंत्रात त्याचे तुकडे व्हायचे, तिथून ते तापलेल्या नळीत जायचे, आणि पुढं लापशीसारखा काळा रस लोखंडी साच्यात शिरायचा. भरलेला साचा पाण्याच्या हौदात बुडवून ठेवायचा. लवकर काढला तर फळी केळ्यासारखी वाकायची. म्हणून साहेबांचं पालुपद, "थंड होऊ द्या." बाया भांडायला लागल्या तरी तेच, चहा ओतला तरी तेच. पुतळाबाईचा जावई एकदा पिऊन शेडवर दंगा करायला आला, त्यालाही स्टुलावर बसवून म्हणाले, "थंड होऊ द्या जावईबापू." तो तिथंच रडायला लागला.

त्यांच्या बोलण्यात माणूस कधी चुकायचा नाही. चुकायचा तो माल. एकदा बायांनी घाईत ओल्या पिशव्या यंत्रात लोटल्या. फळ्या निघाल्या त्या आतून पावासारख्या भोकाभोकाच्या. साहेबांनी एक फळी मधोमध कापली, आत बघितलं आणि म्हणाले, "माल ओला होता." बायांकडं बघितलंसुद्धा नाही.

मी म्हणलं, "साहेब, माल आपल्या पायानं चालत गेला व्हय यंत्रात? टाकणाऱ्याला बोला की."

"माणसाला बोललं तर माणूस लपवाले लागते मिस्त्री. मालाला बोललं तर तो काही लपवत नाही. कापून दाखवते."

भारनियमन तर रोजचंच होतं. लाईट गेली की नळीतला रस आतल्या आत गोठायचा. मग लाईट आल्यावर दोन-अडीच तास नुसती नळी तापवायची, तेव्हा कुठं कामाला सुरुवात. एका दिवशी चार वेळा गेली. पुतळाबाईनं वीजवाल्यांच्या सात पिढ्या काढल्या. साहेब म्हणाले, "त्यांच्याजवळच नाही तर देतील कुठून?"

पुतळाबाई कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "साहेब, तुमाला कुनी लाथ मारली, तर तुमी त्याला इचाराल, दादा, पायाला लागलं न्हाई ना?"

सगळ्या हसल्या. साहेबही हसले. मी तर लई हसलो. आता ते बोलणं आठवलं की तोंड कडू होतं.

सोमवारी साहेब शेडवर नसायचे. पावसाळ्यात शनिवार-रविवारी ताम्हिणीच्या घाटात पुण्याची गर्दी धबधबे बघायला येते आणि जाताना बाटल्या, पिशव्या, थाळ्या जिथल्या तिथं टाकून जाते. सोमवारी साहेब मोपेडला दोन पोती बांधून ताम्हिणीला जायचे. डोक्यावर इरलं घ्यायचे, आमच्यासारखं. धाब्यावाले त्यांना हसायचे. एक जण त्यांच्या समोर मुद्दाम बाटली टाकायचा आणि म्हणायचा, "साहेब, तुमचा माल पडला." साहेब वाकून उचलायचे, आणि वर "आभारी आहे" म्हणायचे. मी एकदा बरोबर होतो. म्हणलं, "तुमाला राग येत न्हाई?"

"येते ना," म्हणाले. "पण त्याचं काय करायचं ते समजत नाही."

तेवढं एकच वाक्य मी त्यांच्या तोंडून स्वतःबद्दल ऐकलं.

पाच वर्षं अशी गेली. फळ्या निघायच्या आणि शेडमागं रचल्या जायच्या. कुणी गोठ्यात टाकायला चार नेल्या, कुणी कुंड्यांखाली दोन. तेवढ्यानं शेड चालत नाही. साहेबांनी गावाकडचं शेत विकलं होतं, हे मला फार पुढं कळलं.

मग ते काम आलं. धरणाच्या पाण्याकडं तोंड करून एका पुण्याच्या शेठनं तेरा बंगल्यांची स्कीम काढली होती. हिंजवडीतल्या पगारदारांसाठी, सुट्टीला येऊन राहायला. प्रत्येक बंगल्याला पाण्याच्या बाजूनं एक मोठा फळ्यांचा ओटा. ते त्याला डेक म्हणायचे. पहिल्या बंगल्याचा लाकडी डेक दोन पावसाळ्यांत सडला होता. साहेब सहा महिने शेठच्या मागं लागले आणि शेवटी शेठ म्हणाला, "एक डेक करून दाखवा. एक उन्हाळा आणि एक पावसाळा टिकला, तर बाकीचे बारा तुमचे."

बारा डेक म्हणजे शेडमागची सगळी रास संपून वर दोन वर्षांचं काम. साहेबांनी त्या दिवशी बायांना भजी आणली. आणि बसवायचं काम मला दिलं. दुसऱ्या कुणाला देणार, एवढ्या मोठ्या कामाला हात माझाच पाहिजे होता. शेठ मला ओळखत होता. बाकीच्या बंगल्यांची दारं-खिडक्याही तो मलाच देणार होता, तसं बोलणं झालेलं होतं.

काम सुरू करायच्या आदल्या दिवशी साहेबांनी मला एक पट्टी दिली. त्यांच्याच काळ्या प्लास्टिकची, करंगळीएवढ्या जाडीची, एका टोकाला भोक पाडून त्यात सुतळी ओवलेली. म्हणाले, "ही गळ्यात घाला मिस्त्री. दोन फळ्यांची टोकं जिथं भेटतील तिथं मधात ही पट्टी ठेवायची, फळीचे स्क्रू आवळायचे, मग काढून घ्यायची. भिंतीपाशी पण. उन्हात ही फळी लांब होते. तिले जागा पाहिजे."

हे इथं नीट सांगतो. लाकूड उन्हात आक्रसतं. हिवाळ्यात सांधा घट्ट बसवला, तर चैत्रात तो आपोआप केसभर उघडतो. माझे वडील सांध्यावर अंगठ्याचं नख फिरवायचे. नख अडकलं की सगळं उपसून परत करायला लावायचे, मी दहा वर्षांचा होतो तरी. त्या बोटांनी मी शिकलेला. मी साहेबांचं ऐकून घेतलं आणि मनात म्हणलं, ऊन तेच, मी तोच. हा माणूस बादल्यांच्या कारखान्यातला. सुताराला सांध्यात करंगळी जाईल एवढी फट ठेवायला सांगतोय. शेठ बघंल तर म्हणंल, कासार आंबोलीच्या सुताराचे डोळे गेले.

पट्टी मी हत्यारांच्या पेटीत तळाला टाकली.

मार्गशीर्षातली थंडी होती. एका ओळीत तीन-तीन फळ्या, एका टोकाला बंगल्याची भिंत, दुसऱ्या टोकाला दगडी कठडा. बाजूबाजूला पाणी निथळायला फट ठेवली, ती मलाही पटत होती. पण टोकाला टोक असं बसवलं, की कागद जाणार नाही. तिसऱ्या दिवशी साहेब आले तेव्हा काम संपत आलं होतं. दोन गवंडी आणि शेठचा मुकादम तिथंच होते. साहेब चप्पल काढून डेकवर आले, देवळात येतात तसे. गुडघ्यावर बसले आणि सांध्यावरून हात फिरवला. एक सांधा, दुसरा, मग भिंतीपाशी.

"पट्टी वापरली का मिस्त्री?"

मुकादम बघत होता. मी म्हणलं, "साहेब, सुतार तुमी का मी?"

ते हळूच म्हणाले, "एखादी ओळ काढून पाहू का? मी मदत करतो."

मी हातातला पेचकस खाली ठेवला. पेटीचं झाकण उघडलं. "करा मग तुमीच. मी चाललो."

साहेबांनी पेचकस उचलला, शर्टाच्या टोकानं पुसला आणि परत माझ्या हातात दिला. "तुमचं काम आहे," म्हणाले. "तुम्हाले समजते." मग कठड्यावर बसून राहिले. पाण्याकडं बघत होते. मला वाटलं, पटलं त्यांना. आपल्या धंद्यात माणसाला बोलायचं नाही ही त्यांची जन्माची खोड होती, आणि मी तिच्यावर पाय ठेवून उभा राहिलो, हे मला तेव्हा कळलं नाही. की कळलं होतं. मला आता खात्री देता येत नाही.

डेक दिसायला असा झाला, की शेठनं फोटो काढून घेतले.

चैत्र संपता संपता एका रविवारी शेठ चार गिऱ्हाइकांना घेऊन आला. आम्हा दोघांनाही बोलावलं होतं. दुपारचं ऊन. आम्ही बंगल्याच्या आत होतो तेव्हा बाहेर बंदुकीसारखा आवाज झाला. मग आणखी एक. स्क्रू तुटत होते. बाहेर येऊन बघतो तर फळ्या मधोमध उचलल्या गेलेल्या, मांजर पाठ वर काढतं तशा. एक-दोन नाही, ओळीच्या ओळी. एका बाईचा पाय अडकून ती पडता पडता वाचली. गिऱ्हाइकं तिथूनच मागं फिरली.

शेठ ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. तो म्हणाला, "मला फक्त एवढं सांगा, मिस्त्रीनं बसवताना चूक केली की मालच खराब?"

मी दारात उभा होतो, पेटी हातात. त्या पेटीत तळाला ती पट्टी होती. तीन हातांवर साहेब. ते गुडघ्यावर बसले, उचललेल्या फळीखाली हात घातला, मग भिंतीला चिकटलेल्या टोकावर बोट ठेवलं. वर माझ्याकडं बघितलं. त्या बघण्यात राग नव्हता. ते नुसते थांबले होते, माझ्या देवघराच्या वेळी भुश्शात बसून थांबले होते तसे. किती वेळ ते सांगता येत नाही, पण मला बोलायला पुरेल एवढा होता.

माझ्या तोंडातून शब्द फुटला नाही.

साहेब उठले, गुडघे झाडले. "मालात दोष आहे," म्हणाले. "मिस्त्रींचं काम चोख आहे."

"मग पाच वर्षं काय करत होता तुम्ही?" शेठनं विचारलं.

साहेबांनी त्यालाही मान डोलावली, जसं काही प्रश्न रास्त आहे.

परत येताना मी त्यांच्याच मोपेडवर मागं बसलो होतो. दुसरं वाहन नव्हतं. पौडाच्या अलीकडं त्यांनी गाडी टपरीवर थांबवली आणि दोन चहा सांगितले. माझा चहा मी कसाबसा संपवला. त्यांच्या कपात साय धरली. मी म्हणलं, "साहेब, चहा." ते म्हणाले, "हो," आणि कप तसाच ठेवून उठले.

दारं-खिडक्यांचं काम शेठनं मला दिलं. मी घेतलं. त्या बारा बंगल्यांची दारं अजून एका बोटानं लागतात, कुठं कुरकुरत नाहीत.

प्लास्टिकची फळी उन्हात फुगते आणि माणसं पाडते, हे आषाढाच्या आत माण-हिंजवडीपासून ताम्हिणीपर्यंत सगळ्यांना कळलं. धाब्यावाल्यांनी त्यात भर घातली. कुंड्यांखाली दोन फळ्या नेल्या होत्या त्या माणसानंही परत आणून टाकल्या. साहेब कुणाला काही सांगायला गेले नाहीत. तेराही बंगल्यांना लाकडी डेक झाले, दर तीन वर्षांनी सडले, दर तीन वर्षांनी नवे झाले. ते लाकूड कुठनं येतं ते आमच्यासारख्याला विचारू नका.

पावसाळा संपल्यावर मी एकदा शेडवर गेलो. काय बोलायचं ते मनात पक्कं करून गेलो होतो. साहेब नव्हते, सोमवार होता. माल विकत घेणारा कुणी राहिला नव्हता, तरी ते पोती घेऊन ताम्हिणीला गेले होते. बाया कमी झालेल्या. पुतळाबाई एकटी हौदापाशी पिशव्या धूत होती. तिनं मान वर केली नाही.

"साहेब कवा येतील?" मी विचारलं.

"का? आज जीभ बरोबर आनली हाय का?"

मी हौदातल्या पाण्याकडं बघितलं.

"म्या पट्टी बघितली व्हती, मिस्त्री. म्याच सुतळी ववली तिच्यात. तुमच्या गळ्यात एक दीस दिसली न्हाई." मग तिनं पिशवी पिळली आणि दोरीवर टाकली. "चार बाया व्हत्या हितं. दोघी आता त्याच बंगल्यांत भांडी घासत्यात. तुमच्या दारातनं आत जात्यात. दारं चांगली केलीत म्हनं."

साहेब आले की सांग, मी आलो होतो, असं म्हणून मी निघालो. परत गेलो नाही. कबूल करायला एकदा गेलेला माणूस दुसऱ्यांदा जाईल असा माझा स्वभाव नाही. तो स्वभाव चांगला आहे असं मला आयुष्यभर वाटत आलं.

शेठनं उपटलेल्या फळ्या बंगल्यामागं फेकल्या होत्या. साहेबांनी त्या टेम्पोत घालून परत आणल्या. वाटलं वितळवतील, पण तोवर यंत्राची लाईट कापली होती. त्यातल्या सरळ राहिलेल्या चार निवडून त्यांनी भऱ्याच्या फाट्यावर, एसटी थांबते तिथं, बाक केला. दोन्ही टोकांना सिमेंटचे खांब, सांध्याखाली एक टेकू, आणि खांबांच्या मधे दोन-दोन फळ्या टोकाला टोक. स्वतःच्या हातानं केला. मी रस्त्यानं जात होतो, तेव्हा ते स्क्रू पिळत होते. सुताराचा हात नव्हता तो. स्क्रू एका रेषेत नव्हते, एकाचं डोकं खाल्लं होतं.

"पाहा मिस्त्री, सरळ आलं का?"

मी बघितलं. सांध्यात फट होती. मी करंगळी टेकवली. बरोबर बसली.

"बरं झालंय," मी म्हणलं. माझं काम चोख आहे म्हणून त्यांनी शेठसमोर सांगितलं होतं, आणि त्यांच्या कामाला मी हे एवढं दिलं.

तो बाक अजून आहे. मी वैशाखात भर दुपारी मुद्दाम जातो. फळ्या हाताला चटका देतात. सकाळी ज्या फटीत करंगळी जाते, ती त्या वेळी मिटलेली असते. मी तिच्यावरून अंगठ्याचं नख फिरवतो. अडकत नाही. माझ्या वडलांनी बघितला असता तर काही बोलले नसते असा सांधा. माणसानं फक्त जागा सोडायची होती, बाकीचं ऊन करणार होतं. बायाबापड्या त्यावर बसून एसटीची वाट बघतात. कुणाच्या हातचा आहे ते त्यांना माहीत नाही. शेडच्या जागी आता गोडाऊन आहे. आणि ताम्हिणीच्या बाटल्या आता ताम्हिणीलाच जळतात, रस्त्याच्या कडेला, काळा धूर येतो.

त्यांना शेवटचं बघितलं ते त्याच बाकावर. शेडचे पत्रे विकून झाले होते, ते अकोल्याला कायमचे निघाले होते. सकाळची वेळ. पायाशी एक बॅग आणि मांडीवर ती नेहमीची पिशवी. केस पार पांढरे झालेले. पुतळाबाई येऊन भेटून गेली असावी, कारण बाजूला फडक्यात बांधलेल्या भाकरी होत्या.

मला बघून ते हसले आणि बाकावर थोडे सरकले. माझ्यापुरती जागा झाली.

मी उभाच राहिलो. म्हणलं, "साहेब, त्या दिवशी शेठनं इचारलं तवा मी..."

त्यांनी हात वर केला. रागानं नाही, एखाद्याला पाणी नको म्हणावं तसा. "थंड झालं मिस्त्री आता," म्हणाले. "नळीत गोठलं, की मग नाही निघत."

मग दोघंही रस्त्याकडं बघत राहिलो. जागा तशीच रिकामी होती. दोन माणसं बसतील एवढा तर तो बाक होता, आणि माझे गुडघे दुखत होते. पण मी बसलो नाही. एसटी आली. मी बॅग उचलायला वाकलो, तोवर त्यांनी उचलली होती. भाकरीचं फडकं तेवढं मी वर दिलं.

ते खिडकीपाशी बसले. गाडीत गर्दी होती, एक माणूस त्यांच्या शेजारी टेकला, मग नाकाला हात लावून उठला आणि पुढं जाऊन उभा राहिला. गाडी हलली तेव्हा साहेब त्या मोकळ्या जागेवर आपली पिशवी ठेवत होते.